व्हीएस कोड या कोड एडिटरमधे टॅब साइज २ केली तरी ४ च दिसतेय?

अरे सेटिंग बरोबरच आहे तुझी, उगाच व्हीएस कोड अनइन्स्टॉल करत बसू नकोस. त्यात 'डिटेक्ट इंडेंटेशन' (म्हणजे ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा ओळखणं) म्हणून एक सेटिंग बाय डिफॉल्ट चालू असतं, ते फाइल उघडली की आतला मजकूर बघून स्वतःच ठरवतं की इथे ४ स्पेस आहेत आणि मग तुझ्या २ ला कोण विचारतो! नवीन रिकाम्या फाइलमधे मात्र २ च येतात, म्हणून तर डोकं फिरतं. ते बंद कर. तरी ऐकलं नाही तर प्रोजेक्टच्या डॉट व्हीएसकोड फोल्डरमधली सेटिंग्ज फाइल बघ, ती तुझ्या यूजर सेटिंगवर मात करते. आणि जुना कोड आपोआप नाही बदलणार हां, खाली उजवीकडे 'स्पेसेस' वर क्लिक करून बघ, तिथे कन्व्हर्टचे ऑप्शन आहेत.