वाचकांचे प्रश्न : .22 ठेवावी की 21 शार्पकडे वळावं?

प्रश्न : ताई, माझ्याकडे .22 लाँग रायफलची जुनी बोल्टची रायफल आहे. आम्ही राहतो तिथे हंगामात ससे आणि खारी मारायचा परवाना मिळतो. विंचेस्टरचं 21 शार्प हे नवं रिमफायर (पेटणारा मसाला पुंगळीच्या कडेत असलेलं) काडतूस आलंय. एका मित्राने त्याची रायफल घेतली आहे आणि रेंजवर मला ती वापरून बघ म्हणतोय. डब्यावरचा वेग पाहून मोह होतो. पण वापरून बघायचं म्हणजे नेमकं काय बघायचं? आणि माझ्या .22 पेक्षा त्यात खरंच वेगळं काही आहे का?

उत्तर : वेगळं आहे, पण तो फरक वेगात शोधू नका. तो गोळीच्या बुडाशी आहे.

तुमचं .22 लाँग रायफल 1887 सालचं, आणि त्याची घडण त्याहून जुन्या, 1857 च्या .22 शॉर्टवरून आलेली. एक काडतूस हातात घेऊन नीट बघा. गोळी आणि पितळी पुंगळी बाहेरून जवळपास एकाच जाडीच्या दिसतील. मग गोळी आत बसते कशी? तिचं बूड बारीक केलेलं असतं आणि तेवढंच पुंगळीच्या तोंडात शिरतं. बाकीचं अंग उघडं राहतं, त्यावर मेणाचा पातळ थर असतो. खिशात सुटी टाकलेली काडतुसं संध्याकाळी बाहेर काढलीत तर खिशातला सगळा कचरा त्या थराला चिकटलेला दिसेल. ही रचना इतकी वर्षं टिकली ती शिशाच्या मऊपणामुळे. बार होताच शिशाचं बूड फुगतं आणि नळीच्या खाचा घट्ट धरतं. शिशाऐवजी वापरलं जाणारं तांबं असं फुगत नाही.

21 शार्पमध्ये पुंगळी .22 चीच ठेवली आहे. गोळी मात्र 0.21 इंचाची करून सरळ पुंगळीच्या आत बसवली आहे, जशी 1959 पासून .22 मॅग्नम या जास्त जोराच्या काडतुसात बसवतात तशी. काडतुसाची लांबी .22 एवढीच असल्यामुळे त्याच मापाचं मॅगझिन आणि बोल्ट चालतात, नळी तेवढी वेगळी लागते.

हा खटाटोप मुख्यतः शिशामुळे. कॅलिफोर्नियात 1 जुलै 2019 पासून कुठल्याही शिकारीसाठी शिशाची गोळी वापरता येत नाही. तिथले काँडर (गिधाडांसारखे मोठे पक्षी) शिकारीचे अवशेष खातात, त्यातले शिशाचे कण पोटात जातात, आणि रानातल्या काँडरांच्या मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण हीच विषबाधा आहे. मला ही बाब मनापासून महत्त्वाची वाटते. आपण मारलेला ससा आपण घरी नेतो, पण आतडी रानातच राहतात आणि त्यांवर कोणीतरी येतंच. त्यामुळे शिसं नसलेली, तरीही नीट नेमावर बसणारी रिमफायर गोळी कोणी करत असेल तर ती वापरून बघायलाच हवी.

आता डब्यावरचा वेग. शिशाची घनता पाण्याच्या अकरापट, तांब्याची नऊपट. आकार तोच ठेवून शिसं काढलं की गोळी हलकी होणारच. 21 शार्पची बिनशिशाची गोळी 25 ग्रेनची, म्हणजे जेमतेम 1.6 ग्रॅम. नळीच्या तोंडाशी ती सेकंदाला 1750 फूट जाते. तुमची 40 ग्रेनची .22 साधारण 1200 ते 1250 फूट. नळीच्या तोंडाशी हिशेब केला तर नवी गोळी ऊर्जेतही पुढे दिसते, 170 फूट-पाउंडांसमोर साधारण 135. पण ससा नळीच्या तोंडाशी बसत नाही. हलकी गोळी हवेत वेग लवकर गमावते, आणि जसजसं अंतर वाढतं तसतसा हा फरक कमी होत जातो. याच काडतुसात 34 ग्रेनची 1500 फुटांची आणि 37 ग्रेनची 1335 फुटांची गोळीही मिळते. त्या दोन्हींत शिसं आहे. मित्राकडे कुठली आहे ते आधी विचारा, कारण नाव एक असलं तरी गोळ्या वेगळ्या आहेत, आणि एकीवरून दुसरीबद्दल काही सांगता येत नाही.

बघायचं कसं? माझी पद्धत सांगते. पन्नास मीटरवर कागद लावा. रायफल पुढून पिशवीवर टेकवा आणि मागचा दस्ताही टेकवा, म्हणजे तुमच्या हाताची थरथर मोजणीत येणार नाही. नळी स्वच्छ करा, आणि एका प्रकारच्या गोळीवरून दुसऱ्या प्रकारच्या गोळीवर जाताना दहाएक गोळ्या नुसत्या जाऊ द्या. नळीत आधीच्या काडतुसाचा थर असतो. तो बदलेपर्यंत गोळ्या विखुरतात आणि नव्या काडतुसाला उगाच दोष लागतो. मग सावकाश दहा गोळ्यांचा ग्रुप घ्या, म्हणजे एकाच ठिकाणी नेम धरून दहा गोळ्या मारा आणि भोकं किती जवळ पडतात ते बघा. तीन गोळ्या एकमेकींना चिकटल्या म्हणून फोटो काढणारे पुष्कळ भेटतात. तीन गोळ्यांत नशिबाचा वाटा फार मोठा असतो. दहांमध्ये रायफल स्वतःचं खरं बोलते.

हे झालं रेंजचं. शिकारीसाठी मी याहून जास्त विश्वास एका दुसऱ्याच कागदावर ठेवते. एक पुठ्ठा घ्या आणि त्यावर चार सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ काढा. सशाच्या डोक्यात नेम धरला तर एवढीच जागा कामाची असते. रेंजवर गेल्यावर दिवसाची पहिली गोळी, थंड नळीतून, या पुठ्ठ्यावर मारायची आणि पुठ्ठा काढून जपून ठेवायचा. पुढच्या खेपेला पुन्हा तोच पुठ्ठा आणि पुन्हा एकच गोळी. सरावाचा कागद वेगळा. ससा तुमच्या गरम झालेल्या नळीची वाट बघत नाही, त्याच्या वाट्याला नेहमी पहिलीच गोळी येते. बऱ्याच रायफली दहा गोळ्यांचा सुरेख ग्रुप देतात, पण पहिली गोळी बोटभर बाजूला टाकतात. ही सवय या पुठ्ठ्यावर पकडता येते, दहाच्या ग्रुपमध्ये ती हरवून जाते. माझ्या पाहण्यात काही रायफलींची पहिली गोळी स्वच्छ नळीतून वर जाते आणि न पुसलेल्या नळीतून जागेवर बसते. अशा रायफलीची नळी हंगामात रोज पुसायची नाही, एवढंच.

काही आठवड्यांनी त्या पुठ्ठ्याकडे बघा. सगळी भोकं वर्तुळात असतील तर पन्नास मीटर हे तुमचं अंतर. एखादं बाहेर असेल तर पुठ्ठा चाळीसवर न्या. मग हेच टेकू न घेता करा, गुडघ्यावर बसून, झाडाच्या खोडाला खांदा लावून, जसं रानात असतं तसं. अंतर आणखी कमी होईल. जे उरेल ते खरं. काडतूस जुनं असो की नवं, त्या अंतरापलीकडे चाप ओढायचा नाही. जखमी ससा बिळात जाऊन तासन् तास मरत राहतो.

वाऱ्याबद्दल मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण ती आपल्या अंदाजाच्या उलट आहे. वेगवान गोळी वाऱ्यात कमी वाहते असं वाटतं. .22 मध्ये तसं होत नाही. 1250 फुटांची गोळी 1070 फुटांच्या गोळीपेक्षा शंभर मीटरवर वाऱ्याने जास्त सरकते. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण 1125 फूट. त्याच्या किंचित वर असताना हवेचा विरोध एकदम वाढतो आणि गोळी आपला वेग झपाट्याने गमावते. वाऱ्याने होणारं सरकणं या गमावलेल्या वेळेवर ठरतं. म्हणून 21 शार्पची 25 ग्रेनची गोळी घेऊन थेट शंभरावर जाऊ नका. आधी वाऱ्याच्या दिवशी पंचाहत्तर मीटरवर कागद लावा, कागदाशेजारी काठीला एक फीत बांधा, आणि फीत हलते तेव्हा गोळी कुठे जाते ते स्वतः बघा.

आवाजाचाही विचार करा. वर दिलेले 21 शार्पचे सगळे वेग आवाजाच्या वेगापेक्षा जास्त आहेत, म्हणजे गोळीमागे चाबकासारखा कडाका येणारच. मंद वेगाची .22 वापरून एका झाडावरच्या दोन खारी मिळवणाऱ्याला हा फरक जाणवेल.

माझं मत विचाराल तर, शिशाला बंदी असलेल्या भागात तुम्ही शिकार करत असाल, किंवा शिसं आपणहून सोडायचं असेल, तर ही रायफल जरूर वापरून बघा. बंदी नसेल आणि तुमची .22 वर्तुळात गोळ्या टाकत असेल, तर निव्वळ वेगासाठी तिला बाजूला सारू नका.

प्रश्न : 21 शार्प आणि .22 ची पुंगळी एकच आहे, तर नव्या गोळ्या जुन्या रायफलीत चालवून बघितल्या तर?

उत्तर : नाही. अजिबात नाही. 0.21 इंचाची गोळी .22 च्या नळीत सैल जाईल, खाचा तिला धरणार नाहीत, फिरकी मिळणार नाही, आणि ती कुठे जाईल याचा नेम नाही. उलट बाजूने, .22 ची जाड गोळी नव्या रायफलीत जोर लावून कोंबणं हा तर अपघातच. दोन्ही रायफली घरात असतील तर काडतुसं वेगळ्या डब्यांत, वेगळ्या खणांत ठेवा. रेंजवर एका वेळी एकच डबा टेबलावर, आणि भरण्याआधी पुंगळीच्या बुडावरचा ठसा वाचा. शंका वाटणारं काडतूस बाजूला काढा, रायफलीत नको.

प्रश्न : त्यापेक्षा .17 एचएमआर घ्यावी का? ती तर केव्हाची सिद्ध झालेली आहे.

उत्तर : सिद्ध झालेली आहे, यात शंका नाही. हॉर्नडी कंपनीने 2002 मध्ये .22 मॅग्नमची पुंगळी गळ्याशी आवळून ती केली. 17 ग्रेनची गोळी 2550 फुटांनी जाते. शंभर मीटरवर झिरो केली, म्हणजे त्या अंतरावर गोळी नेमक्या नेमावर बसेल अशी जुळवली, की अलीकडच्या अंतरावर नेम जवळपास तसाच ठेवता येतो. .22 पन्नासवर झिरो केलेली असेल तर शंभरावर ती साधारण 15 सेंटिमीटर खाली पडते. नाजूक टोकाची गोळी लागल्याबरोबर फुटते, त्यामुळे जमिनीवरून उसळून भलतीकडे जायचा धोकाही .22 पेक्षा कमी.

पण ससा खायचा असेल तर विचार करा. हीच फुटणारी गोळी अंगात लागली की खांदा आणि फासळ्यांजवळचं मांस रक्ताळून वाया जातं, त्यात हाडांचे तुकडे घुसतात. डोक्यातच मारणार असाल तर प्रश्न नाही. पिकावर येणारे ससे दूरवरून मारायचे आहेत, मांस नकोय, तिथे ती उत्तम. झाडीत तीस-चाळीस मीटरवर जेवणापुरता एखादा ससा मिळवायचा तर .22 पुरते.

प्रश्न : नवी काडतुसं येतात आणि जातात. उद्या 21 शार्पच्या गोळ्या मिळेनाशा झाल्या तर रायफल घेऊन काय करायचं?

उत्तर : ही काळजी रास्त आहे. 1970 च्या सुमारास रेमिंग्टनने 5 मिलिमीटरचं मॅग्नम रिमफायर आणलं. काडतूस फार चांगलं होतं, पण काही वर्षांतच त्याच्या रायफली बंद झाल्या आणि मग गोळ्याही. 2004 चं .17 मॅक 2 बघा. .22 च्या मापाच्या रायफलीत बसणारं, 17 ग्रेनची गोळी 2100 फुटांनी टाकणारं काडतूस, तरीही कित्येक वर्षं त्याच्या गोळ्या शोधत फिरावं लागलं. रिमफायरमध्ये हे जास्त बोचतं, कारण मसाला कडेच्या पोकळीत भरलेला असतो आणि पिनच्या टोल्याने ती कड चेपते. पुंगळी पुन्हा भरता येत नाही. सेंटरफायरवाला (ज्याच्या काडतुसात पेटणारा भाग बुडाच्या मधोमध असतो तो) घरी बसून स्वतःची काडतुसं भरू शकतो. आपण पूर्णपणे कारखान्यावर अवलंबून.

म्हणून .22 विकून नवी घेऊ नका. दोन्ही ठेवणं परवडत असेल आणि परवान्यात बसत असेल तर घ्या, आणि जी गोळी तुमच्या नळीला मानवते तिचे एकाच लॉटचे डबे जमतील तेवढे घेऊन ठेवा. लॉट नंबर डब्याच्या आतल्या किंवा मागच्या बाजूला छापलेला असतो. लॉट बदलला की पुठ्ठा पुन्हा लावायचा.

प्रश्न : चाप ओढला आणि बार झालाच नाही तर?

उत्तर : नळी सुरक्षित दिशेला तशीच धरून ठेवा. बोल्ट उघडायची घाई नको. निदान तीस सेकंद मोजा, कारण कधी कधी मसाला उशिरा पेटतो. मग बोल्ट उघडा आणि तोंड बाजूला ठेवा. काडतुसाच्या कडेवर पिनचा ठसा खोल असेल तर दोष काडतुसात आहे. अगदी पुसट असेल तर बोल्टमध्ये घाण साचली आहे का, स्प्रिंग सैल झाली आहे का, ते बघा. बार अगदीच दबका वाटला, धक्का जाणवला नाही, तर गोळी नळीत अडकलेली असू शकते. तेव्हा रायफल रिकामी करून, बोल्ट काढून, नळीतून पलीकडचा उजेड दिसतो का ते पाहिल्याशिवाय दुसरी गोळी भरायची नाही.