वडिलांच्या अंत्यविधीत बोलायचं आहे? आधी हे वाचा

अंत्यविधी चर्चमध्ये होणार असेल, तर लिहायला बसण्याआधी धर्मगुरूंना फोन करा. कॅथलिक अंत्यविधीच्या मिस्सात (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) प्रवचन असतं, पण मृताचं गुणगान त्याची जागा घेऊ शकत नाही. आठवणींचे चार शब्द कम्युनियननंतरची (प्रभुभोजनानंतरची) प्रार्थना झाल्यावर, अखेरच्या निरोपाच्या विधीआधी बोलता येतात. अंत्यविधीआधी वेगळी प्रार्थनासभा असेल तर तिथे जास्त मोकळीक मिळते. प्रोटेस्टंट चर्चमध्ये पद्धत मंडळीनुसार बदलते, म्हणून पाळकांना विचारलेलं बरं.

आता मजकूर. ‘कष्टाळू, श्रद्धाळू, कुटुंबवत्सल’ हे शब्द पहिल्या मसुद्यात येणारच. येऊ द्या, मग खोडा आणि प्रत्येकाच्या जागी एक कृती लिहा. ते कामावर किती वाजता निघायचे? थकून आल्यावर आधी काय करायचे? श्रद्धेबद्दलचं लिखाण तर फार सहज गुळगुळीत होतं. त्यांच्या बायबलमध्ये कुठल्या ओळींखाली रेघा आहेत, कोणतं गीत ते बेसूर पण मोठ्याने म्हणायचे, जेवणाआधीची प्रार्थना त्यांनी कुणाकुणाला शिकवली, हे शोधा. जुन्या सहकाऱ्यांशीही बोला. कामावरचा माणूस घरच्यांना बहुतेक वेळा माहीतच नसतो.

त्यांचा हट्टीपणा थोडा येऊ द्या. (संत करून टाकलेला बाप कुणालाच ओळखू येत नाही.) जुनी भांडणं मात्र तिथे नकोत.

बायबलमधलं वचन एकच घ्या. स्तोत्र 23 किंवा योहान 14 बहुधा वाचनात असतंच, तेव्हा आधी चौकशी करा. 400-500 शब्द पुरेत. मोठ्या अक्षरात छापा आणि एक प्रत भावंडाकडे द्या. तुमचा गळा दाटला तर पुढचं ते वाचेल.