उत्तर कोरियाने उपग्रह सोडला की जगभर एवढा गदारोळ का होतो? तो खरंच उपग्रह असतो की क्षेपणास्त्र?

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे हा वादच नसतो. 2009 च्या ठराव 1874 नुसार उत्तर कोरियाला बॅलिस्टिक क्षेपणास्त्राचं तंत्रज्ञान वापरून कुठलंही प्रक्षेपण करायला मनाई आहे, मग टोकावर काहीही बसवलेलं असो. 1967 च्या अवकाश कराराने अवकाश सगळ्यांना खुलं आहे हे खरं, पण संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या कलम 103 प्रमाणे सनदेखालची बंधनं इतर करारांना भारी पडतात. कायद्याचं एवढंच.

तंत्राचं बोलायचं तर 12 डिसेंबर 2012 ला उपग्रह घेऊन उडालेलं उत्तर कोरियाचं उन्हा-3 हे यान बघा. पहिल्या टप्प्यात त्यांच्याच नोदाँग क्षेपणास्त्राची चार इंजिनं एकत्र बांधलेली. दक्षिण कोरियाच्या नौदलाने पीतसमुद्रातून ऑक्सिडायझरची (इंधन जाळायला ऑक्सिजन पुरवणाऱ्या द्रव्याची) टाकी काढली, तिच्यात नायट्रिक आम्लाचा अंश सापडला, आणि लगेच निष्कर्ष निघाला: हे क्षेपणास्त्रच! का, तर हे आम्ल साध्या तापमानाला साठवता येतं, म्हणजे क्षेपणास्त्र भरून तयार ठेवता येतं. द्रव ऑक्सिजन उणे 183 अंशांवर ठेवावा लागतो. हा पुरावा अगदी तोकडा आहे. साठवता येणारी इंधनं उपग्रह सोडणाऱ्या आपल्या पीएसएलव्हीतही आहेत. आणि अग्नी क्षेपणास्त्राच्या 1989 च्या पहिल्या चाचणीतला खालचा टप्पा एसएलव्ही-3 या उपग्रह सोडणाऱ्या यानाचाच होता, तेव्हा नातं दोन्ही बाजूंनी असतं.

खरी खूण उड्डाणमार्गात दिसते. लांब पल्ल्याचं क्षेपणास्त्र हजार किलोमीटरच्या वर जाऊन खाली येतं. उन्हा-3 पाचशेच्या आसपास आडवं झालं आणि तिसऱ्या टप्प्याने वाटेत दिशा वळवून सुमारे 97 अंश कलाची, म्हणजे जवळजवळ ध्रुवांवरून जाणारी कक्षा गाठली. मारा करायचा असेल तर अशा वळणात इंधन कोण घालवेल? शिवाय वातावरणात परतताना तापणाऱ्या शीर्षाची चाचणी यात होतच नाही. उपग्रह मात्र वर जाऊन गटांगळ्या खात राहिला.

तरीही 22 जानेवारी 2013 ला या प्रक्षेपणाचा निषेध करून निर्बंध वाढवणारा ठराव 2087 एकमताने आला, चीनसकट. 12 फेब्रुवारीला अणुचाचणी, 7 मार्चला ठराव 2094. 2009 मध्येही हाच क्रम होता: एप्रिलमध्ये प्रक्षेपण, परिषदेचा निषेध, मे महिन्यात अणुचाचणी. 'निर्बंध वाढवा, सुतासारखे सरळ येतील' म्हणणाऱ्यांनी या तारखा एकदा ओळीने मांडून बघाव्यात.

एक मात्र मान्य केलं पाहिजे: टप्पे वेगळे करणं, दिशा-नियंत्रण, मोठी इंजिनं एकत्र पेटवणं हा अनुभव क्षेपणास्त्रालाही उपयोगी पडतो, म्हणून शेजाऱ्यांची धास्ती खोटी नाही. पण जुलै 2017 मध्ये उडालेलं ह्वासाँग-14 हे लांब पल्ल्याचं क्षेपणास्त्र वेगळ्याच इंजिनावर, फिरत्या वाहनाने नेलेलं होतं. उन्हा कधी शस्त्र झालंच नाही. पुढच्या वेळी बातमी आली की आधी बघा: टप्पे कुठे पडणार ते जपानच्या तटरक्षक दलाला कळवलं होतं का, उड्डाण कायमच्या तळावरून झालं का, आणि वस्तू कक्षेत नोंदली गेली का.