फळ झालं, मग तेळ का नाही?

प्रश्न : संस्कृतातलं 'फल' मराठीत 'फळ' झालं, 'कमल'चं 'कमळ' झालं. मग तेलाचं 'तेळ' आणि फुलाचं 'फूळ' का झालं नाही? यात काही नियम आहे, की ज्याच्या तोंडी जे बसलं ते रुळलं?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : नियम आहे आणि चांगला पक्का आहे. फक्त संस्कृतातून थेट मराठीत उडी मारली तर तो दिसत नाही. मधल्या प्राकृतात थांबावं लागतं.

फल, कमल, बाल, मूल या शब्दांत दोन स्वरांच्या मध्ये एकटा ल आहे. त्याचा मराठीत ळ झाला. 'तैल'चं मात्र प्राकृतात 'तेल्ल' झालं होतं. 'मूल्य'चं 'मोल्ल', 'बिल्व'चं 'बेल्ल'. 'फुल्ल'मध्ये तर संस्कृतातच जोड ल आहे. या जोड ल चा ळ झाला नाही. पुढे मराठीत जोडाक्षर सुटून एकच ल उरला आणि तेल, मोल, बेल, फूल असे शब्द मिळाले.

शाळेत शिकवत असताना मी फळ्यावर 'काल' आणि 'काळ' शेजारी शेजारी लिहायची. 'काळ' आला संस्कृत 'काल'पासून. आणि आपला 'काल', म्हणजे उलटून गेलेला दिवस, आला 'कल्य' – 'कल्ल' या वाटेनं. तसंच वेला – वेळ, पण वल्ली – वेल. हे कळलं की मुलं स्वतःच शब्द शोधू लागायची, आणि मला तो तास संपूच नये असं वाटायचं. (न आणि ण यांचंही असंच आहे : पानीय – पाणी, पण पर्ण – पण्ण – पान.)

ळ ला दुसरंही माहेर आहे, ते ड चं. गुड – गूळ, षोडश – सोळा, तडाग – तळं, दाडिम – डाळिंब. ही वाट फार जुनी. ऋग्वेदाची सुरुवातच 'अग्निमीळे'नं होते. लौकिक संस्कृतात तेच क्रियापद 'ईडे' आहे. पालीतही ळ आहे.

कला, फलित, जलाशय हे शब्द आपण नंतर संस्कृतातून जसेच्या तसे उचलले, म्हणून त्यांत ल टिकला. 'कला' आणि 'चेहऱ्याची कळा' दोन्ही आपल्याकडे नांदतात ते यामुळेच. आणि हा बदल स्वरानंतरच होत असल्यामुळे मराठी शब्द ळ नं सुरू होत नाही.

प्रश्न : मराठी नव्यानं शिकणाऱ्यांना ळ कसा शिकवावा?

उत्तर : 'जीभ वळव' एवढं सांगून भागत नाही. ल म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांमागे टेकतं. ळ साठी ते ट-ड च्या जागी न्यायचं, मागे वळवून टाळूला लावायचं आणि पुढे झटकायचं. हवा जिभेच्या दोन्ही बाजूंनी जाते. आधी आळी, केळी, माळा असे दोन स्वरांमधले ळ घ्या. नंतर गाल-गाळ, माल-माळ, पाल-पाळ. हिंदीभाषकांना हा वर्ण नवा असतो; गुजराती, राजस्थानी, ओडिया किंवा कन्नड बोलणाऱ्यांना तो घरचाच असतो. तेव्हा ळ फक्त मराठीचा, हा आपला समज सोडून द्यायला हवा.

प्रश्न : आमच्या वर्गातली मुलं 'डोया', 'काया' म्हणतात. हे अशुद्ध म्हणून थांबवावं का?
– एक शिक्षक

उत्तर : कृपा करून थांबवू नका. वऱ्हाडीत आणि अहिराणीत ळ च्या जागी य येतो. पण हीच मुलं 'लाल'ला 'याय' म्हणतात का? 'तेल'चं 'तेय' करतात का? नाही. म्हणजे कुठे ल आणि कुठे ळ हे त्यांना तुमच्या-माझ्याइतकंच ठाऊक आहे, फक्त ळ चा उच्चार वेगळा आहे. त्यांना बोलू द्या, आणि 'जिथे तू डोया म्हणतोस तिथे ळ लिहायचा' एवढं सांगा. मुळातच य असलेले गाय, पाय यांसारखे शब्द तेवढे वेगळे दाखवावे लागतील. आगरी-कोळी घरांतल्या मुलांचं काम थोडं अवघड आहे, कारण तिथे 'काळा'चाही 'काला' होतो आणि दोन्ही वर्ण कानाला एकच लागतात. त्यांच्यासाठी काल-काळ, वेल-वेळ अशा जोड्या वाक्यांत घालून पुन्हा पुन्हा लिहून घ्या.