युद्धात गेलेल्या गावच्या जवानाची आठवण म्हणून पुतळा बरा, कमान बरी की स्पर्धा?

तुम्ही विचारलंय की गावातला एक मुलगा १९७१ च्या युद्धात कामी आला, पंचायतीकडे आता थोडा निधी आलाय, तर त्यातून पुतळा करावा, कमान उभारावी की दरवर्षी क्रिकेटची स्पर्धा ठेवावी. माझं मत असं की तिन्ही गोष्टी तूर्त बाजूला ठेवा. त्याची पलटण किंवा जहाज कुठलं, तिथे तो काम काय करायचा, कुठल्या तारखेला गेला, हे आधी कागदावर उतरवा. आणि त्याला डोळ्यांनी पाहिलेलं जे कोणी हयात आहे त्याच्या घरी या आठवड्यात जाऊन बसा. निधी पुढच्या वर्षीही मिळेल.

एवढं ठासून सांगते कारण माझा धाकटा मामा नौदलाच्या आयएनएस खुकरी या युद्धनौकेवर होता. आजोळ गोव्यातल्या पेडणे तालुक्यातलं. १९६१ ला गोवा मुक्त झाला तेव्हा तो बारा वर्षांचा, मराठी शाळेत जाणारा पोर. पुढे नौदलात भरती झाला, लोणावळ्याला आयएनएस शिवाजी या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रात इंजिनाचं शिक्षण झालं, आणि मग जहाजाच्या पोटात, इंजिनखोलीत त्याची ड्युटी. ९ डिसेंबर १९७१ ला रात्री पावणेनऊच्या सुमारास, दीवपासून चाळीसेक सागरी मैलांवर, पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीचा टॉर्पेडो खुकरीला लागला. काही मिनिटांत जहाज बुडालं. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले, त्यांना महावीर चक्र मिळालं, त्यांचं नाव लोकांना ठाऊक असतं आणि असायलाच हवं. पण खाली इंजिनाजवळ जे होते ते शिडीपर्यंतसुद्धा पोचले नसणार. मामा बावीस वर्षांचा होता.

घरी तार आली. आजीने क्रिया करू दिली नाही. “कुडी गावूक नाय, मगे क्रिया कोणाची करतलात?” (देहच मिळाला नाही, मग क्रिया कोणाची करणार?) असं तिने थेट भटजींना विचारलं, आणि त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. पुढची चतुर्थी आली. वर्ष व्हायचं होतं, म्हणून या घरात यंदा गणपती नाही असं भाऊबंदांनी गृहीत धरलेलं. आजीने गणपती आणायला लावला. माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांच्या चौकटीचं, सामान रानातून आणायचं काम एरवी मामाचं. रजा चतुर्थीला मिळावी म्हणून तो महिनोन् महिने आधी अर्ज करायचा म्हणे. त्या वर्षी माझी आई रानात गेली, तिच्या मागून मी. तोरिंजन, कवंडळं, सुपारीचं शिपटं, जे जे आणलं ते आजी हातात घेऊन बघायची आणि सांगायची, तो हे कुठल्या कुळागराच्या (सुपारीच्या बागेच्या) वरच्या अंगाला शोधायचा, कवंडळ कसं डेखासकट काढायचा, चिबूड नेहमी देवासमोर मधोमध कसा बांधायचा. शेजारच्या बायका नाकं मुरडत होत्या. पण मामा मला जो काही कळला तो त्या दिवशी कळला. पुढे पुष्कळ वर्षांनी थोरल्या मामाने पालाशविधी, म्हणजे देह न मिळालेल्याची पळसाच्या पानांची प्रतिमा करून करायची क्रिया, करून घेतला, तोही आजी गेल्यानंतर.

आता त्याच घराण्यातला माझा मामेभाऊ वाड्यावरच्या मंडळाचा पुढारी आहे. त्यांच्या कमानीवरच्या बॅनरवर बर्फाचे डोंगर आहेत आणि मामाच्या हातात बंदूक दिलीय. नौदलातल्या इंजिनवाल्याच्या हातात बंदूक! शिवाय कार्यक्रम ठेवलाय १९ डिसेंबरला, कारण त्या दिवशी गोवा मुक्तिदिन, झेंड्याला शाळेची मुलं आयती जमलेली असतात, पाहुणेही आलेले असतात. याचा परिणाम काय झाला, तर वाड्यावरची विशीतली पोरं सांगतात की आमचा मामा गोवा मुक्तीच्या लढाईत गेला. एका शिकल्यासवरलेल्या माणसाने आईला सल्ला दिला की वास्कोला नौदलाच्या गोमंतक तळावरच्या स्मारकावर भावाचं नाव बघून या. ते स्मारक १९६१ च्या गोवा मुक्तीच्या लढाईतल्यांचं. १८ डिसेंबरला त्रिशूळ जहाजावरून अंजदीव बेटावर उतरताना जे नौसैनिक पडले, त्या सात तरुणांचं ते स्मारक. त्यांचा मान त्यांना द्या, माझ्या मामाचा माझ्या मामाला. दहा वर्षांचं अंतर आहे मध्ये.

खरं म्हणजे मामाची जागा दीवला आहे, आणि दीव काही आम्हाला परकं नव्हतं. तेव्हा गोवा, दमण आणि दीव हा एकच केंद्रशासित प्रदेश, कारभार पणजीहून. १९८७ ला गोवा राज्य झालं तेव्हा ते तुटलं. दीवला समुद्रासमोर खुकरीचं स्मारक आहे, काचेच्या पेटीत जहाजाची प्रतिकृती आहे. आईला घेऊन गेले होते. तिने तिथे त्याला घरच्या नावाने हाक मारली आणि पत्र पाठवत नव्हता म्हणून भरपूर रागावली, आजूबाजूचे पर्यटक बघत राहिले. मग परतीच्या गाडीत ती बोलत सुटली ती घरी पोचेपर्यंत. मी सगळं लिहून घेतलं. मामेभावाला ती वही वाचायला दिली, तर म्हणाला, यातलं भाषणात काय घालणार?

तुमच्या प्रश्नाचं जे उरलं ते सांगते. दिल्लीत राष्ट्रीय युद्ध स्मारक २०१९ पासून आहे, स्वातंत्र्यानंतरच्या पंचवीस हजारांहून जास्त जवानांची नावं तिथे कोरलीत. तुमच्या मुलाचं नाव तिथे कसं लिहिलंय ते बघा आणि फलकावर तसंच घ्या. पणजीला सैनिक कल्याण खातं आहे, घरच्या कुणाला सोबत घेऊन तिथे जा. घरच्यांना न विचारता काहीही करू नका.

पुतळ्याला माझा सरसकट विरोध आहे असंही नाही. रायगडातल्या यशवंत घाडगेंना १९४४ मध्ये इटलीत बावीसाव्या वर्षी मरण आलं, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण कबर नाही. माणगावात त्यांचा पुतळा आहे म्हणून लोकांना हार घालायला एक जागा तरी आहे. तुमच्याकडे त्या मुलाचा नीट फोटो असेल, गणवेश बरोबर दाखवणार असाल, तर करा पुतळा. स्पर्धाही करा, पोरं जमतात. फक्त ती त्याच्या तारखेला करा आणि फलकावर उद्घाटकाचं नाव त्याच्या नावापेक्षा मोठं होऊ देऊ नका.

माझा मामेभाऊ हे वाचणार, म्हणून त्यालाही सांगून टाकते. कमान राहू दे, स्पर्धा राहू दे. बंदूक काढ, जहाज घाल, खाली ‘इंजिनखोली, आयएनएस खुकरी’ असं लिही आणि तारीख ९ डिसेंबर कर. नव्या बॅनरचे पैसे मी देते.