साठच्या दशकातील माझ्या आवडत्या शास्त्रीय संगीताच्या एलपी

१९६० ते १९६९ या काळातील आपल्या सर्वांत आवडत्या एलपी (लाँग प्ले तबकड्या) कोणत्या आणि त्या का आवडतात, असे आपण विचारले आहे. मी प्रामुख्याने हिंदुस्थानी शास्त्रीय संगीत ऐकतो, त्यामुळे माझे उत्तर त्याच क्षेत्रापुरते आहे. शिवाय ही माझी वैयक्तिक आवड आहे. कोणता कलाकार थोर आणि कोणता अधिक थोर, असा निवाडा करण्याचा माझा हेतू नाही.

माझी निवड कशावर आधारली आहे, हे आधी सांगणे आवश्यक वाटते. एलपी येण्यापूर्वीच्या तबकडीवर एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे आणि तेवढ्यात गायकाला रागाचे केवळ दर्शन घडवता येई. एलपीमुळे एका बाजूस वीस मिनिटांच्या आसपास वेळ मिळू लागला. मैफलीतील तासाभराच्या ख्यालाच्या मानाने ही वीस मिनिटे थोडीच होती. मात्र विलंबित म्हणजे संथ लयीत राग मांडून, बढत करून म्हणजे तो हळूहळू फुलवत नेऊन, द्रुत म्हणजे जलद लयीतल्या बंदिशीने शेवट करण्याइतकी ती पुरेशी होती. काही कलाकारांनी मैफलीतले गाणे कापून या मापात बसवले, तर काहींनी वीस मिनिटांची अशी वेगळीच बांधणी मनात धरून गायन-वादन केले. मला दुसऱ्या प्रकारच्या एलपी आवडतात.

त्यांत पहिले स्थान, निःसंशय, उस्ताद अमीर खाँ यांच्या १९६० सालच्या, एका बाजूस मारवा राग आणि दुसऱ्या बाजूस दरबारी राग असलेल्या तबकडीचे. मिरजेला माझ्या मामांकडे ती होती आणि दिवेलागणीच्या सुमारास ते मारव्याची बाजू लावत. मी तेव्हा शाळेत होतो आणि मला त्यातले काहीही कळत नव्हते. हे गाणे कोठेतरी टेकत का नाही, एवढीच एक अस्वस्थता जाणवत असे. पुढे थोडे शिकल्यावर ध्यानात आले की तीच त्या रागाची प्रकृती आहे. मारव्यात पंचम (प) नाही, रिषभ (रे) कोमल, मध्यम (म) तीव्र, आणि ज्या षड्जावर (सा) कानाला विसावा मिळायचा, तो षड्जच गायक पुनःपुन्हा टाळतो. पूरिया या रागाचे स्वरही हेच, पण तेथे भर गंधार-निषादावर (ग-नी) असतो आणि मारव्यात रिषभ-धैवतावर (रे-ध). त्यामुळे जराशी असावधता झाली तरी मारव्यावर पूरियाची छाया पडते. खाँसाहेब ‘पिया मोरे अनत देस’ ही बंदिश झूमरा तालात इतक्या संथपणे मांडतात की वेळेची मर्यादा त्यांना ठाऊकच नसावी असे वाटते, आणि तरीही ‘गुरु बिन ज्ञान’ या द्रुत बंदिशीपर्यंत आल्यावर काही राहून गेले असे वाटत नाही. किराणा घराण्याचे गायक अब्दुल वहीद खाँ यांच्याकडून आलेली विलंबिताची ती संथ चाल आणि मेरुखंडाच्या पद्धतीने एकेक स्वर वाढवत, त्याच स्वरांच्या नव्या नव्या जुळण्या दाखवत जाणे, या दोहोंचा मेळ त्या वीस मिनिटांत जसा बसला आहे, तसा मला इतर कोणत्याही ध्वनिमुद्रिकेत आढळलेला नाही. मंद्र म्हणजे खालच्या सप्तकातला त्यांचा धैवत ऐकताना आजही हातातले काम थांबते. दरबारीची बाजू अनेक जाणकार अधिक वरची मानतात. तिचा गंभीरपणा मलाही मान्य आहे, परंतु माझा कौल मारव्याकडेच जाईल. खाँसाहेबांची ललत आणि मेघ या रागांची एलपीही याच दशकातली आहे आणि त्यातला मेघ पावसाळ्यात मी अनेकदा ऐकतो; मात्र एकाच गायकाच्या दोन एलपींविषयी विस्ताराने लिहिणे प्रशस्त वाटत नाही.

दुसरी एलपी १९६७ सालची, ‘कॉल ऑफ द व्हॅली’. शिवकुमार शर्मा यांचे संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी, ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार आणि माणिकराव पोपटकर यांचा तबला. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस, अशी कल्पना धरून अहिरभैरव, नटभैरव, पिलू, भूप, देस आणि पहाडी असे राग त्यात क्रमाने येतात. राग थोडक्यात आटोपले आहेत म्हणून काही रसिक या एलपीला हलकी मानतात. मला तो आक्षेप पटत नाही. संतूर हे तारांवर आघात करून वाजवायचे वाद्य असल्याने त्यावर मींड काढणे, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणे, कठीण, आणि त्या काळी शास्त्रीय संगीतासाठी ते अपुरे ठरवले जात होते ते याच कारणाने. येथे संतूर जेथे थांबते तेथून बासरी किंवा गिटार मींड पुढे नेते, त्यामुळे संतूराची उणीव कोठेही जाणवत नाही. शिवकुमार आणि हरिप्रसाद हे दोघे तेव्हा एकोणतीस वर्षांच्या आसपासचे होते आणि मुंबईच्या चित्रपटसंगीतात वाजवत होते. थोड्या वेळात नेमके किती वाजवायचे आणि कोठे गप्प राहायचे, याची शिस्त त्यांना तेथेच लाभली असावी, असे मला वाटते. या एलपीची निर्मिती जी. एन. जोशी यांची. ‘रानारानांत गेली बाई शीळ’ हे भावगीत गाणारे तेच जोशी पुढे एचएमव्ही या ध्वनिमुद्रिकांच्या कंपनीत गेले आणि थोर कलाकारांना ध्वनिमुद्रणासाठी राजी करण्याचे काम करत राहिले, याचे मराठी श्रोता म्हणून मला मोठे अप्रूप आहे.

तिसरी निवड उस्ताद विलायत खाँ आणि उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांच्या जुगलबंदीची. सनई खणखणीत आणि सतार नाजूक. एरवी एका बैठकीत ही जोडी जमणे कठीण. ध्वनिक्षेपकाने हा तोल साधला आणि मग विलायत खाँच्या गायकी अंगाच्या, म्हणजे गळ्यातून गायल्यासारख्या, मींडेला बिस्मिल्ला खाँचा श्वास उत्तर देऊ लागला. त्यातली चैती या लोकगीतप्रकाराची धून मला विशेष प्रिय आहे.

रविशंकर आणि व्हायोलिनवादक मेन्युहिन यांच्या ‘वेस्ट मीट्स ईस्ट’चे ऐतिहासिक महत्त्व मी मान्य करतो, परंतु ती मी क्वचितच ऐकतो. पंडित भीमसेन जोशी या यादीत नाहीत, याचे अनेकांना आश्चर्य वाटेल. त्यांचे गाणे मी सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंडपात, रात्र सरताना ऐकले आहे आणि श्रोत्यांकडून मिळणारी ती ऊब घेऊन उसळणारी तान मला त्यांच्या कोणत्याही एलपीत तितकीशी भेटत नाही.

किशोरीताई आमोणकरांची ‘सहेला रे’ ही बंदिश असलेली भूप-बागेश्री रागांची एलपी मात्र सत्तरच्या दशकातली असल्यामुळे येथे घेता येत नाही. त्या दशकाविषयी आपण कधी विचारलेत, तर पहिले नाव मी तिचेच लिहीन.