पूतना आडवीच दाखवा

प्रश्न : आमच्या चाळीच्या मंडळाला गणपतीत पूतनावधाचा देखावा करायचा आहे. मांडवाची उंची जेमतेम दहा फूट. गेल्या वर्षी उभी केलेली राक्षसीण अवाढव्य वाटलीच नाही, शिवाय चौथ्या दिवशी तिची मान कलली. काय चुकलं? आणि पूतना म्हणजेच त्राटिका का?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : पूतना उभी करूच नका. भागवताच्या दशम स्कंधात ती गोकुळात येते ती देखण्या बाईच्या रूपात. प्राण जाताना तिचं खरं धूड उघडं पडतं आणि कोसळताना सहा कोसांतली झाडं चिरडतं. प्रसंगच आडवा आहे, उंचीची अडचण येतेच कुठे?

नांगराच्या दांड्याएवढ्या दाढा, डोंगरातल्या गुहांसारख्या नाकपुड्या, आटलेल्या तळ्यासारखं पोट असं तिचं वर्णन आहे. डोळे आंधळ्या विहिरीसारखे खोल. आपल्याकडे राक्षसिणीचे डोळे बटबटीत रंगवतात. इथे खोबणी वीतभर आत घ्या आणि आतून काळा रंग द्या. चेहरा चार फुटांचा केलात तर छातीवरचा बाळकृष्ण सहा इंचांचाच ठेवा. बाळ फूटभराचं झालं की पूतना तिथेच लहान होते. गेल्या वर्षी बहुधा हेच झालं असावं.

मान कलते ती ओलीमुळे. बांबूच्या कामट्या सुतळीने बांधून सहा-सहा इंचांची जाळी करा. एक वाटी मैद्याला पाच वाट्या पाणी घालून खळ शिजवा. वर्तमानपत्राच्या पट्ट्यांचे चार थर द्या, पण खालचा थर हाताला कोरडा लागल्याशिवाय वरचा नको. श्रावणातल्या दमट हवेत एकेका थराला दीड-दोन दिवस लागतात, पंखा लावून ठेवा. घाई केली की ओल आत कोंडते, बुरशी धरते आणि वजनाने कामट्या वाकतात. म्हणून काम निदान पंधरा दिवस आधी काढा.

त्राटिका वेगळी. ती रामायणातली ताटका : सुकेतू यक्षाची मुलगी, मारीचाची आई, अंगात हजार हत्तींचं बळ. ती रामाच्या बाणाने मेली. मराठीने तिचा आवेश तेवढा उचलला, म्हणून कजाग बाई त्राटिका. पूतनेचं मात्र कपट लक्षात राहिलं. वरवर माया दाखवणारी ती पूतनामावशी. फलकावरही 'पूतनामावशी' हेच नाव घाला, पोरांना ते लगेच कळेल.